चाल कुणाची? : जॉन हॅसल यांचे 'चौथे जग' आणि स्वरांची उसनवारी

जुन्या संगीत नाटकाची छापील संहिता उघडली की जवळपास प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक छोटी ओळ दिसते. 'चाल' असा शब्द, आणि त्यापुढे कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी ती कानडी पदाची चाल असते, कधी लावणीची, कधी एखाद्या ठुमरीची. विद्यार्थी वाचताना ती ओळ गाळतात. खरे सांगायचे तर शिकवताना मीही अनेक वर्षे ती गाळत आले. पदाचा आशय, त्याचे नाट्यांतर्गत स्थान, वृत्त, भाषा हे सगळे सांगायचे आणि चालीची ओळ मुद्रणातील एक जुनी सवय म्हणून सोडून द्यायची, असा आमचा शिरस्ता.

त्या ओळीकडे माझे लक्ष पुन्हा वेधले ते एका अगदी वेगळ्या तासाला. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासक्रमात 'सांस्कृतिक संकर' हा घटक होता. केवळ व्याख्या सांगून मुलांच्या डोक्यात काही उतरत नाही, म्हणून अमेरिकन संगीतकार जॉन हॅसल यांच्या १९८३ च्या 'आका/दरबारी/जावा' या ध्वनिमुद्रिकेतील एक तुकडा मी वर्गात ऐकवला. ट्रम्पेटचा धूसर, श्वासाने ओलावलेला आवाज, त्याखाली संगणकाने पुन:पुन्हा वाजवलेले ढोल, मधूनच मानवी कंठांचे तुकडे. मी समजावून सांगितले की 'आका' हे मध्य आफ्रिकेच्या अरण्यात राहणाऱ्या एका समाजाचे नाव, दरबारी आपला, आणि जावा म्हणजे तिथला गामेलान वाद्यवृंद. पालघरकडचा एक विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसे. त्याचे काका तारपा वाजवतात. तास संपता संपता त्याने विचारले, "मॅडम, यात गाणारी जी माणसे आहेत त्यांची नावे कव्हरवर आहेत का?"

शीर्षकात समाजाचे नाव होते. माणसाचे नव्हते. मी तसे सांगितले. तो म्हणाला, "आमच्याकडे पण असेच होते." एवढेच बोलून तो थांबला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला वर्गात न देता आलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

१. पार्श्वभूमीचे संगीत आणि त्याची पार्श्वभूमी

हॅसल यांचे नाव सामान्यत: 'अँबियंट' संगीताच्या इतिहासात घेतले जाते. ही संज्ञा रूढ केली ती इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो यांनी. १९७५ साली अपघातानंतर ते अंथरुणाला खिळून असताना एका मैत्रिणीने त्यांना हार्पवादनाची तबकडी आणून दिली. ती लागली, पण आवाज अतिशय बारीक राहिला आणि उठून तो वाढवण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते. बाहेरच्या पावसात मिसळून अर्धवट ऐकू येणारे ते संगीत त्यांना खोलीच्या उजेडासारखे वाटू लागले. याच अनुभवाची आठवण 'डिस्क्रीट म्यूझिक' (१९७५) या ध्वनिमुद्रिकेमागे आहे. १९७८ च्या 'अँबियंट १ : म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स' बरोबर त्यांनी या प्रकाराला नाव दिले आणि एक भूमिकाही मांडली. हे संगीत लक्ष देऊन ऐकावे इतके रंजक असावे, आणि लक्ष दिले नाही तरी चालावे इतके विनम्रही असावे, असा तिचा आशय.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. पहाटेच्या काकड्याचा दुरून येणारा आवाज, देवळातला चौघडा, तानपुऱ्याची गवयाने तोंड उघडण्यापूर्वीची पाच मिनिटे हे सारे परिसर घडवणारे नादच होत. फरक असा की आपल्याकडे अशा नादाला स्थळ आणि वेळ यांची बांधीलकी असते. काकडा दुपारी वाजत नाही. ध्वनिमुद्रणाने ही बांधीलकी सोडवली. कॅनडाचे संगीतकार आर. मरी शेफर यांनी मूळ नाद आणि त्याचे यंत्रातून होणारे पुनरुच्चारण यांच्यातील फारकतीला एक स्वतंत्र नावच दिले होते, आणि ते रोगाच्या नावासारखे वाटावे अशीच त्यांची इच्छा होती. नाद त्याच्या माणसापासून सुटला की तो कुठेही नेता येतो. हॅसल यांची सारी कारकीर्द या सुटलेल्या नादांच्या प्रदेशात घडली. त्या प्रदेशात शिरण्याआधी मात्र त्यांनी एक फार जुन्या वळणाची गोष्ट केली. ते एका गुरूकडे शिकायला बसले.

२. कोलोनहून किराण्याकडे

जॉन हॅसल यांचा जन्म २२ मार्च १९३७ रोजी मेम्फिस येथे झाला. ईस्टमन संगीतविद्यालयातील शिक्षणानंतर १९६० च्या दशकात ते जर्मनीतील कोलोन येथे कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांच्याकडे शिकायला गेले. पुढे 'कॅन' हा वाद्यवृंद काढणारे होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट हे तेथील त्यांचे सहाध्यायी. युरोपीय नवसंगीताचे हे त्या काळातले सर्वांत प्रगत केंद्र होते. फितीवर नाद कापणे, चिकटवणे, त्यांचे रूप बदलणे ही विद्या हॅसल यांनी तेथे आत्मसात केली. अमेरिकेत परतल्यावर टेरी रायली यांच्या 'इन सी' या रचनेच्या १९६८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रणात ते ट्रम्पेट वाजवीत होते. ला माँट यंग यांच्या दीर्घ, स्थिर स्वरांच्या मैफलींतही त्यांचा सहभाग होता.

या मंडळींमुळेच त्यांची गाठ पंडित प्राणनाथ यांच्याशी पडली. प्राणनाथांचा जन्म १९१८ साली लाहोरचा. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी घर सोडले आणि किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्या घरी सेवा करीत विद्या मिळवली. डेहराडूनजवळच्या टपकेश्वर या गुहामंदिरात राहून त्यांनी साधना केली. १९६० च्या दशकात ते दिल्ली विद्यापीठात शिकवीत होते. १९७० साली ते अमेरिकेला गेले आणि १९७२ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी किराणा संगीताचे केंद्र स्थापन केले. यंग, त्यांच्या पत्नी मारियन झाझीला आणि रायली हे त्यांचे शिष्य झाले. १९७२ मध्येच हॅसलही भारतात येऊन त्यांच्याकडे शिकले. १९९६ साली कॅलिफोर्नियात प्राणनाथांचे निधन झाले.

येथे आपल्या घरचा एक धागा जुळतो आणि तो ओढूनताणून जुळवलेला नाही. अब्दुल वहीद खाँ हे अब्दुल करीम खाँ यांचे नातलग आणि त्याच घराण्याचे दुसरे थोर आचार्य. करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले आणि किराण्याचे स्वरवैभव महाराष्ट्रात व कर्नाटकात रुजले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर आणि पुत्र सुरेशबाबू माने यांना तालीम मिळाली ती मात्र वहीद खाँसाहेबांची. म्हणजे हिराबाई आणि प्राणनाथ ही गुरुभावंडे. त्या नात्याने पाहिले तर मेम्फिसचा हा ट्रम्पेटवादक हिराबाईंच्या गुरुबंधूचा शिष्य ठरतो. पुण्या-मुंबईच्या रसिकांनी ज्या स्वरलगावावर प्रेम केले तोच लगाव दुसऱ्या वाटेने समुद्रापार गेला आणि पितळी वाद्यात शिरला.

शिरला हे म्हणणे सोपे आहे. ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह असतात. ते दाबले-सोडले की स्वर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारतो. किराण्याचा तर प्राण दोन पायऱ्यांमधल्या उतारात. मींड नसेल, आंदोलन नसेल, कणस्वर नसेल तर राग म्हणजे नुसता सांगाडा. प्राणनाथांवर १९८६ साली निघालेल्या माहितीपटाच्या नावाचा अर्थही 'स्वरांच्या मध्ये' असाच होतो. गुरू गाणार, शिष्य ते ट्रम्पेटवर काढू पाहणार, अशी ही तालीम. हॅसल यांनी ओठांचा दाब, अर्धवट दाबलेले व्हॉल्व्ह आणि श्वासाचे प्रमाण यांच्या आधारे वाद्याच्या मूळ रचनेला वळसा घालणारे एक वादनतंत्र हळूहळू घडवले. त्यांच्या वादनात ऐकू येणारा हवेचा खरखरीत झोत हा शैलीचा अलंकार नव्हे. गळ्याचे काम धातूकडून करवून घेताना झालेल्या झटापटीची ती खूण आहे.

आपल्याकडच्या पेटीच्या वादाची या ठिकाणी आठवण व्हावी. बांधलेल्या स्वरांचे विदेशी वाद्य भारतीय संगीताचे सूक्ष्म स्वर नासवते, या आक्षेपापायी आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्याच्याही आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडून श्रुति-हार्मोनियमचा प्रयोग केला होता. त्या प्रयोगांना साथ होती ती खुद्द अब्दुल करीम खाँ यांची. देवलांचे पुस्तक १९१० चे. म्हणजे परके यंत्र आणि किराण्याचा स्वर यांची गाठ घालण्याचा उद्योग हॅसल यांच्या साठ वर्षे आधी सांगली-मिरजेच्या परिसरात सुरू झाला होता. परंपरा बंद दाराआड असते आणि संकर बाहेरून येतो, हे चित्र या इतिहासापुढे टिकत नाही.

३. तीन ध्वनिमुद्रिका, तीन नाती

हॅसल यांच्या ध्वनिमुद्रिकांचा एकत्र विचार केला तर दूरदेशीच्या संगीताशी त्यांनी जोडलेली तीन प्रकारची नाती दिसतात. त्यांना मी तालीम, साथ आणि उसनवारी अशी नावे देते.

'व्हर्नल इक्विनॉक्स' म्हणजे वसंतसंपात. १९७७ सालची ही ध्वनिमुद्रिका टोरोंटो येथील यॉर्क विद्यापीठात मुद्रित झाली. तीत तबला आहे, कंजिरा आहे, झिंबाब्वेच्या शोना लोकांचे एम्बिरा आहे, पश्चिम आफ्रिकेचा बोलता ढोल आहे आणि ब्राझीलचे थोर तालवादक नाना व्हास्कोन्सेलोस आहेत. खाली सिंथेसायझरचा अखंड षड्ज आहे. एवढी वाद्ये असूनही गर्दी वाटत नाही, कारण मध्यभागी आलापाची शिस्त आहे. ट्रम्पेट एका स्वराभोवती रेंगाळते, त्याला कडेने स्पर्श करते, पुढच्या स्वराची चाहूल देऊन परत फिरते. शीर्षकरचनेत राग ओळखता येईलच असे नाही. परंतु स्वराजवळ जाण्याची रीत किराण्याची आहे, हे तो घराणेदार आलाप ज्यांच्या कानात आहे त्यांना सांगावे लागत नाही. हे तालमीचे नाते. यात घेणाऱ्याने आधी स्वत:ला बदलून घेतले आहे.

दुसरी ध्वनिमुद्रिका 'फोर्थ वर्ल्ड, व्हॉल्यूम १ : पॉसिबल म्यूझिक्स' १९८० ची. ईनो न्यूयॉर्कमध्ये असताना त्यांनी 'व्हर्नल इक्विनॉक्स' ऐकली, हॅसल यांची मैफल गाठली आणि स्वत:हून ओळख करून घेतली. त्या मैत्रीतून ही संयुक्त निर्मिती झाली. मुखपृष्ठावर उपग्रहातून टिपलेले सुदानमधील खार्टूमच्या दक्षिणेकडील भूमीचे चित्र आहे, आणि एका रचनेच्या नावात अक्षांश-रेखांशच दिले आहेत. भूमी खरी, पण ती पाहिली आहे आकाशातून. या संगीताचे इतके प्रामाणिक रूपक शोधून सापडणार नाही. ट्रम्पेटचा स्वर हार्मोनायझर नावाच्या यंत्रातून जाऊन एकाच वेळी अनेक उंचींवर उमटतो, जणू एकाच कंठातून चारजण गात आहेत. आणि खाली घटम वाजतो. आपला दाक्षिणात्य मातीचा घडा येथे सेनेगलचे आयीब दिएंग आणि ब्राझीलचे व्हास्कोन्सेलोस यांच्या हातांत आहे. हे साथीचे नाते. वादक समोर आहेत, त्यांची नावे श्रेयनामावलीत आहेत, एखादा ठेका पटला नाही तर ते नकार देऊ शकतात.

'चौथे जग' या संज्ञेने हॅसल यांना अभिप्रेत होते ते असे : जगातील पारंपरिक संगीतांचे विशेष आणि प्रगत इलेक्ट्रॉनिक तंत्र यांच्या मीलनातून होऊ शकणारे, अद्याप कुठल्याही नकाशावर नसलेले संगीत. शीर्षकातील 'संभाव्य' हा शब्द महत्त्वाचा. मात्र हीच संज्ञा कॅनडातील आदिवासी नेते जॉर्ज मॅन्युएल यांनी त्याआधी, १९७४ च्या आपल्या ग्रंथात, सर्वस्वी निराळ्या अर्थाने वापरली होती. त्यांचे चौथे जग म्हणजे राष्ट्रांच्या पोटात दडपलेल्या मूलनिवासी लोकांचे जग. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवले की माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न अधिक टोकदार होतो. एकाचे चौथे जग कल्पनेत उभे राहत असताना दुसऱ्याचे चौथे जग जमिनीसाठी भांडत होते.

तिसरे नाते 'ड्रीम थिअरी इन मलाया' (१९८१) पासून ठळक होते. हे शीर्षक घेतले आहे मानववंशशास्त्रज्ञ किल्टन स्ट्यूअर्ट यांच्या एका निबंधावरून. मलायातील सेनोई लोक सकाळी एकत्र बसून स्वप्नांची चर्चा करतात आणि त्यामुळे त्यांचा समाज कलहमुक्त राहतो, असे स्ट्यूअर्ट यांचे म्हणणे. पुढील अभ्यासकांनी, विशेषत: १९८० च्या दशकात जी. विल्यम डॉमहॉफ यांनी, या चित्रातील बराच भाग लेखकाच्याच कल्पनेतला असल्याचे दाखवून दिले. ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत मोहक नाद आहे तो शेजारच्या सेमेलाई लोकांच्या पाण्यात हात आपटून धरलेल्या तालाचा. ताल अस्सल, त्यामागची स्वप्नकथा शंकास्पद. परक्या समाजाविषयीची आपली ओढ अनेकदा अशीच असते. ऐकू येते ते खरे असते, पण त्यावर आपण चढवलेला अर्थ आपल्याच गरजेतून आलेला असतो.

'आका/दरबारी/जावा' मध्ये ही पद्धत पूर्णत्वाला गेली. फेअरलाइट नावाच्या संगणकीय वाद्याने कुठलाही मुद्रित नाद उचलून, कापून, हव्या त्या स्वरावर वाजवणे शक्य केले होते. आका समाजाचे गायन, सेनेगलचे ढोल, गामेलान हे सारे आता वादकांविना हाताशी आले. ध्वनिमुद्रिकेचे उपशीर्षक आहे 'मॅजिक रिअ‍ॅलिझम'. गार्सिया मार्केझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८२ साली, आणि ही ध्वनिमुद्रिका त्यानंतरच्याच वर्षाची. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या उपशीर्षकापाशी थांबले पाहिजे. लॅटिन अमेरिकन कादंबरीत अद्भुताला वास्तवाचा दर्जा मिळतो, कारण सांगणारा त्या गावचा असतो आणि आजीच्या गोष्टीवर त्याचा वारसाहक्क असतो. हॅसल यांच्याकडे अद्भुत निर्माण होते ते दूरदूरच्या वास्तवांना एका खोलीत आणून. दुसऱ्या बाजूला मात्र 'दरबारी एक्स्टेंशन' आहे. गंधार-धैवतांच्या आंदोलनांखेरीज दरबारी उभाच राहत नाही. अब्दुल वहीद खाँसाहेबांची जी अगदी मोजकी मुद्रणे आज उरली आहेत त्यांत दरबारी आहे. म्हणजे एकाच तबकडीच्या एका बाजूला उचललेले कंठ आणि दुसऱ्या बाजूला गुरूकडून दशकभरात मिळवलेला राग. पुन:पुन्हा ऐकताना मला या दोन बाजूंचे वजन सारखे वाटत नाही.

४. नावांचा प्रश्न

ही उसनवारी एकट्या हॅसल यांची नव्हती. ईनो आणि डेव्हिड बर्न यांची 'माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स' (१९८१) ही ध्वनिमुद्रिका नायजेरियन कादंबरीकार एमॉस टुटुओला यांच्या १९५४ च्या कादंबरीचे नाव घेऊन आली. रेडिओवरचे प्रवचनकार, अरब गायिका यांचे मुद्रित आवाज तीत तालावर बसवले होते. एका रचनेत कुराणपठण वापरले होते. आक्षेप घेतला गेल्यावर ती रचना पुढील आवृत्त्यांतून काढण्यात आली. १९९२ साली 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीचे एक गाणे जगभर गाजले. त्यातील अंगाई सॉलोमन बेटांवरील अफुनाक्वा नावाच्या स्त्रीने गायली होती आणि ह्यूगो झेम्प या अभ्यासकाने तिचे मुद्रण केले होते. श्रोत्यांना मात्र ते आफ्रिकेच्या अरण्यातले गाणे वाटत राहिले. स्टीव्हन फेल्ड यांनी या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला म्हणून निदान अफुनाक्वा हे नाव आज आपल्याला माहीत आहे.

हॅसल यांच्या बाबतीत इतिहासाने एक विलक्षण उपरोध घडवला. 'बुश ऑफ घोस्ट्स'च्या मूळ बेतात तेही होते. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र ते राहिले नाहीत, आणि आपली कल्पना आपल्याविना पुढे गेली ही खंत त्यांनी नंतर बोलून दाखवली. 'पॉसिबल म्यूझिक्स'वर ईनोंचे नाव जोडीने छापले गेल्यामुळे दुकानांत ती ईनोंच्या खणात जाऊन बसली, हेही त्यांना सलत राहिले. नाव पुसले जाण्याची वेदना त्यांना ठाऊक होती. आका गायकांना ती वेदना होती का, हे विचारण्याची सोय त्या माध्यमातच नव्हती.

यावर एक उत्तर असे दिले जाते की लोकसंगीताला कर्ता नसतोच, ते समूहाचे असते, मग नाव कुणाचे घालणार? साहित्याच्या अभ्यासकांनी हे उत्तर निमूटपणे स्वीकारू नये. ओवी समूहाची असते हे खरे, पण विशिष्ट ओवी विशिष्ट दिवशी विशिष्ट जात्यावर विशिष्ट बाई गाते. संकलक तिचे नाव लिहून घेतो की 'एक वृद्ध स्त्री' असे लिहितो, यात संशोधनाची नीती ठरते. गाण्याचा कर्ता समूह असेल, गाणारा कंठ मात्र व्यक्तीचा असतो आणि यंत्र उचलते ते कंठ.

५. संगम कशाला म्हणावे

डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मांडल्या. हॅसल यांच्याच जन्मवर्षी जन्मलेल्या या मराठी संगीतचिंतकाने 'संगम' या स्वतंत्र कोटीची गरज ओळखावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. भिन्न संगीतपरंपरा भेटतात तेव्हा जे घडते त्याला भेसळ किंवा प्रदूषण न म्हणता, त्याच्या नियमांसह अभ्यासावे, असा मार्ग या कोटीमुळे मोकळा होतो. संगम या शब्दातच एक कसोटी दडली आहे. नद्या मिळतात तेव्हा दोहोंची नावे ठाऊक असतात. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा संगम आहे असे आपण म्हणतो. एकीचे पाणी कालव्याने दुसरीत वळवले तर त्याला संगम म्हणत नाही.

या कसोटीवर 'फ्लॅश ऑफ द स्पिरिट' (१९८८) ही बुर्किना फासो येथील 'फाराफिना' या वादकसमूहासोबतची ध्वनिमुद्रिका संगम ठरते. १९९९ ची 'फॅसिनोमा' तर मला त्यांच्या कामातील एक सुंदर परतफेड वाटते. राय कूडर निर्मित या ध्वनिमुद्रिकेत यंत्रांचे थर जवळजवळ बाजूला सारले आहेत. ट्रम्पेटचा उघडा, वयस्क आवाज आणि रोणू मजुमदारांची बासरी. दोन्ही वाद्ये फुंकरीची, दोन्हींना मींड हवी, आणि बासरीला ती जन्मजात आहे. तिच्या शेजारी ट्रम्पेट ऐकताना कळते की या माणसाने पंचवीस वर्षे कशासाठी श्वास झिजवला. येथे जग नकाशावरून आलेले नाही. एक वादक दुसऱ्याच्या समोर बसला आहे.

मग आपले स्वत:चे काय? किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'ने (१८८२) कानडी आणि लावणीच्या चाली घेतल्या. 'मानापमाना'साठी (१९११) गोविंदराव टेंब्यांनी हिंदुस्थानी बंदिशी आणि ठुमऱ्या यांतून चाली रचल्या. मराठी मध्यमवर्गाच्या अभिरुचीचा पायाच उसनवारीवर उभा आहे. ज्या गायिकांच्या कंठात त्या ठुमऱ्या वाढल्या त्यांची नावे आपल्या संहितांमध्येही नाहीत. तेव्हा पश्चिमेकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. तरीही त्या संहितांमध्ये 'चाल' ही ओळ आहे. ती अपुरी आहे, गायिकेऐवजी गाणे सांगते, पण हे आमचे नव्हे, हे अमक्या गाण्यावरून घेतले, इतके ती कबूल करते. ज्याला मूळ शोधायचे त्याला ती एक टोक हाती देते. कर्ज फेडता येत नसेल तर निदान खतावणीत लिहून ठेवावे, एवढी साधी नीती त्या ओळीमागे आहे.

६. खालचा थर

हॅसल यांच्या अखेरच्या दोन ध्वनिमुद्रिका २०१८ आणि २०२० सालच्या. दोहोंना त्यांनी 'पेंटिमेंटो' ही चित्रकलेतील संज्ञा जोडली. जुन्या चित्रावर चित्रकाराने नवा रंग चढवला तरी काळ जातो तसा खालचा मूळ आकार वर डोकावू लागतो, त्याला पेंटिमेंटो म्हणतात. मूळ इटालियन शब्दाच्या अर्थात पश्चात्तापाचीही छटा आहे. ऐंशी वर्षांच्या संगीतकाराने आपल्याच जुन्या मुद्रणांचे थर खरवडून ही रचना केली. २६ जून २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या विद्यार्थ्याला मी काय उत्तर देऊ? हॅसल थोर होते हे मी मागे घेणार नाही. त्यांनी गुरूपुढे वाकून जे मिळवले ते त्यांचे होते, आणि त्या वाकण्याची खूण त्यांच्या प्रत्येक स्वरात आहे. जे यंत्राने उचलले ते सुंदर असले तरी त्याचा हिशेब अपुरा राहिला. एकाच कलावंताविषयी ही दोन्ही विधाने एकत्र करता येतात, आणि समीक्षेला ती करता आली पाहिजेत. यंदा त्या घटकाच्या तासाला मी मुलांना एक काम दिले. आपापल्या गावातले एक गाणे मुद्रित करायचे, आणि त्याखाली गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि तो किंवा ती ते गाणे कुणाकडून शिकली हे लिहायचे. पालघरच्या त्या मुलाने तारप्याचे एक वादन आणले. खाली काकांचे नाव होते, काकांच्या वडिलांचे होते, आणि त्याखाली त्याने आपणहून लिहिले होते : 'चाल : माहीत नाही, पण विचारून सांगतो.'